पोटात न गेलेली गोळी

एप्रिल २०११ मध्ये केनिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांत चालू असलेला एक मोठा औषधप्रयोग अर्ध्यावर थांबवण्यात आला. ‘फेम-प्रेप’ हे त्याचे नाव. एचआयव्हीची लागण न झालेल्या २,१२० स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे असलेली गोळी रोज द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यायची, आणि पुढे कोणाला लागण होते ते पाहायचे, असा बेत होता. हिशेब मांडला तेव्हा औषधाच्या गटात ३३ जणींना लागण झाली होती आणि बिनऔषधाच्या गटात ३५ जणींना. म्हणजे गोळी घेतली काय, न घेतली काय, सारखेच. पण पाचच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१० मध्ये, ‘आयप्रेक्स’ या प्रयोगाचा निष्कर्ष आला होता आणि त्यात हीच गोळी लागण ४४ टक्क्यांनी कमी करताना दिसली होती. हे कोडे उलगडले ते साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांनी. ‘गोळी नेमाने घेता ना?’ या प्रश्नाला सुमारे ९५ टक्के स्त्रियांनी होकार दिला होता. परत आणलेल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या तर हिशेबही बराचसा जुळत होता. मात्र ज्यांचे रक्त तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांहूनही कमी जणींच्या रक्तात औषधाचा अलीकडचा मागमूस होता. गोळ्या डबीतून गेल्या होत्या, पण पोटात गेल्या नव्हत्या.

लागण होण्याआधीच घेऊन ठेवायच्या अशा औषधाला ‘प्रेप’ म्हणतात. आज त्याचे पर्याय बरेच आहेत: रोजची गोळी, संबंधाच्या आगेमागे घ्यायच्या गोळ्या, योनीत महिनाभर ठेवायची रिंग, दोन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आणि आता सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. यांतून एखाद्याला योग्य कोणते, हा प्रश्न सहसा परिणामकारकतेच्या टक्केवारीने सोडवला जातो. ज्याचा आकडा मोठा ते चांगले. गेल्या तीस वर्षांचा इतिहास नीट वाचला तर ही रीत अपुरी आहे असे माझे मत बनले आहे. ही टक्केवारी एकट्या रेणूचा गुण सांगत नाही. घेणाऱ्याचे घर, त्याचा जोडीदार, त्याचे काम आणि औषध देणाऱ्यावरचा त्याचा विश्वास हे सगळे तिच्यात मिसळलेले असते. आणि हा धडा विज्ञानाला एकदा शिकून पुरलेला नाही, तो पुन्हा पुन्हा, दरवेळी मोठी किंमत मोजून शिकावा लागला आहे.

मूळ कल्पना काही विलक्षण नव्हती. मलेरियाच्या प्रदेशात जाणारा माणूस आधीपासून क्विनाइन घेत असे, तसेच हे. एचआयव्हीच्या बाबतीत पहिला भक्कम पुरावा १९९४ मध्ये आला. गरोदर स्त्रीला आणि नवजात बाळाला झिडोवुडिन दिले तर आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते, असे अमेरिका आणि फ्रान्समधल्या प्रयोगात दिसले. सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी तेच औषध लगेच सुरू केले तर धोका पुष्कळ घटतो, हेही त्याच दशकात कळले. दरम्यान प्रागमध्ये आंतोनिन होली आणि बेल्जियममधल्या लुवेन येथे एरिक द क्लर्क यांनी मिळून संयुगांची जी मालिका अभ्यासली होती, तिच्यातून टेनोफोविर पुढे आले. १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकूण ३५ माकडांना एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू टोचण्यात आला. काहींना टेनोफोविर आधी ४८ तास, काहींना नंतर चार किंवा चोवीस तासांनी सुरू केले होते. औषध मिळालेल्यांपैकी एकाही माकडाला लागण झाली नाही, न मिळालेल्या सगळ्यांना झाली. इतका निखळ निकाल वैद्यकात क्वचित मिळतो. फक्त एक गोष्ट त्यात आपोआप गृहीत धरली गेली होती: माकडाला औषध रोज प्रयोगशाळेतला माणूस टोचत होता. माकडाने ते घ्यावे की नाही, घरी कोणाला दिसेल, डबी कुठे ठेवायची, हे प्रश्नच नव्हते.

माणसांवर प्रयोग करायची वेळ आली तेव्हा हे प्रश्न पहिल्याच दारात उभे राहिले. २००४ मध्ये कंबोडियात, नोम पेन्ह इथे, देहविक्रय करणाऱ्या ९६० स्त्रियांवर टेनोफोविरचा प्रयोग करायचे ठरले होते. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठे त्यामागे होती, पैसा अमेरिकी सरकारी संस्था आणि गेट्स प्रतिष्ठानाचा होता. तिथल्या या स्त्रियांची ‘विमेन्स नेटवर्क फॉर युनिटी’ नावाची संघटना होती. तिने विचारले की औषधाचा दुष्परिणाम वर्षांनंतर उद्भवला तर आमचे औषधपाणी कोण करणार? त्यांनी दीर्घकाळच्या, तीसेक वर्षांच्या वैद्यकीय विम्याची मागणी केली. जुलैमध्ये बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत निदर्शने झाली आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी प्रयोग बंद पाडला. पुढच्याच वर्षी कॅमेरूनमध्येही असाच प्रयोग स्थगित झाला. संशोधकांच्या वर्तुळात तेव्हा आणि नंतरही एक सूर ऐकू येत राहिला, की बाहेरच्या कार्यकर्त्यांनी भडकवल्यामुळे एक मोलाची संधी हुकली आणि त्यापायी लोकांना लागण झाली. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. प्रेपचा पुरावा हाती यायला काही वर्षे जास्त लागली हे खरेच. पण नोम पेन्हच्या स्त्रियांनी विचारलेला प्रश्न औषध नको असल्याचा नव्हता. ज्यांच्या शरीरावर प्रयोग होणार त्यांना बोलणीत बसवल्याशिवाय ते औषध त्यांच्या आयुष्यात कसे शिरणार, हा तो प्रश्न होता. याचे उत्तर टाळून पुढे गेल्याचा परिणाम सात वर्षांनी फेम-प्रेपच्या रक्ताच्या नळ्यांत दिसला.

या टप्प्यावर पुण्याचाही एक छोटा पण खरा वाटा आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, १९९२ पासून काम करत होती. टेनोफोविरचा एक टक्का जेल योनीत वापरणे सुरक्षित आहे का आणि स्त्रियांना ते वापरवते का, हे पाहणारा प्रयोग न्यूयॉर्क, अलाबामातले बर्मिंगहॅम आणि पुणे अशा तीन ठिकाणी दोनशे स्त्रियांवर झाला. जेलचा आग्रह कशासाठी, तर कंडोम घालायचा की नाही हे पुरुषाच्या हाती असते. तो नकार देतो तेव्हा स्त्रीच्या स्वतःच्या हातात काहीतरी असावे. विचार रास्त होता आणि २०१० च्या जुलैत व्हिएन्नाच्या एड्स परिषदेत तो खरा ठरल्यासारखाही वाटला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात कुरैशा आणि सलीम अब्दुल करीम या संशोधक दांपत्याने ८८९ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात संबंधाआधी आणि नंतर जेल वापरल्यास लागण ३९ टक्क्यांनी घटली. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. पुढे ‘फॅक्ट्स’ नावाच्या मोठ्या प्रयोगात, २०१५ मध्ये, हाच जेल निष्प्रभ ठरला. कारण पुन्हा तेच. ज्यांनी खरोखर वापरला त्यांना काही संरक्षण मिळत होते, पण पुरेशा सातत्याने वापरू शकणाऱ्या स्त्रियाच थोड्या होत्या. त्या प्रयोगातल्या कित्येक तरुणी आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या घरी राहत होत्या. जिथे स्वतःची खोली नाही तिथे संबंधाआधी बारा तास आणि नंतर बारा तास असे वेळापत्रक कसे पाळायचे?

आता प्रयोगांचे निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावे. केनिया आणि युगांडात ४,७४७ जोडप्यांवर ‘पार्टनर्स प्रेप’ हा प्रयोग झाला. यात नवरा-बायकोपैकी एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती, आणि दोघांनाही ते माहीत होते. इथे एकट्या टेनोफोविरने लागण ६७ टक्क्यांनी आणि दोन औषधांच्या जोडगोळीने ७५ टक्क्यांनी कमी झाली, स्त्रियांतही आणि पुरुषांतही. याच सुमारास दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेतल्या ५,०२९ स्त्रियांवर ‘व्हॉइस’ हा प्रयोग झाला. त्यांतल्या बहुसंख्य अविवाहित आणि तरुण होत्या. तिथे गोळीही चालली नाही आणि जेलही नाही. रक्त तपासल्यावर गोळीच्या गटांत तीस टक्क्यांच्या आसपास आणि जेलच्या गटात पंचवीस टक्के नमुन्यांतच औषध आढळले. या स्त्रियांनी स्वतः सांगितलेला आकडा नव्वद टक्के होता. औषध तेच, खंड तोच, साल जवळपास तेच. निकालात जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्या प्रयोगातल्या माणसाला धोका कोणाकडून आहे ते ठाऊक होते, तो धोका त्याच्याच घरात होता, आणि गोळी घेतल्याचे जोडीदाराला कळले तर तो आठवण करून देत असे. दुसऱ्या प्रयोगातल्या मुलीला आपला धोका पटलेलाच नव्हता, आणि गोळी दिसली तर उलट संशय तिच्यावरच येणार होता. एचआयव्ही झालेले लोकही तशीच गोळी घेतात. मग ती निरोगी आहे हे तिने कोणाकोणाला पटवायचे? व्हॉइसनंतर संशोधकांनी या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा हीच भीती पुढे आली. प्रयोगात काही जणींनी गोळ्या फेकून दिल्या, पण भेटींना मात्र येत राहिल्या. भेटीला आले की तपासणी होते, प्रवासखर्च मिळतो, कोणीतरी चौकशी करते, हे त्यांना हवे होते. फुकट मिळणाऱ्या आरोग्यसेवेचे मोल गोळीहून जास्त ठरले, आणि मला यात तक्रारीला जागा दिसत नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो. या स्त्रिया खोटे बोलल्या, सार्वजनिक पैशाचे नुकसान केले, आणि दोष औषध निवडणाऱ्याचा नसून बेजबाबदार वापरकर्त्यांचा आहे, असे अनेकांनी म्हटले. पण एका माणसाने गोळी टाळली तर त्याला बेजबाबदार म्हणता येते. तीन देशांतल्या हजारो स्त्रियांतल्या बहुतेकींनी टाळली तर चूक त्यांच्या स्वभावात शोधणे हे संशोधकाच्या सोयीचे स्पष्टीकरण आहे. शिवाय त्या खोटे का बोलल्या हेही पाहायला हवे. समोर पांढरा कोट घातलेली व्यक्ती, तिच्या हाती तुमची मोफत तपासणी, आणि प्रश्न असा की ‘हो’ म्हटल्याशिवाय ती नाराज होणार. आपल्याकडे क्षयाच्या औषधांबद्दल डॉक्टरने विचारले तर रुग्ण काय उत्तर देतो हे ज्याला माहीत आहे, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. रक्ताच्या तपासणीने खोटे पकडले खरे, पण संशोधकांनीच आपला प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारला होता, हेही त्याच तपासणीने पकडले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो जीवशास्त्राचा आहे. टेनोफोविर गुदाशयाच्या ऊतीत योनीच्या ऊतीपेक्षा कितीतरी अधिक साठते. त्यामुळे पुरुषांना आठवड्यात चार गोळ्यांनीही चांगले संरक्षण मिळते आणि स्त्रियांना सहा-सात लागतात, असा अंदाज प्रयोगशाळेतल्या मोजमापांवरून बांधला गेला. मग आफ्रिकेतल्या अपयशाचे कारण ऊतीत आहे, घरादारात नाही, असे का म्हणू नये? हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. निवडीत जीवशास्त्राला जागा आहेच. फ्रान्समधल्या ‘इपरगे’ प्रयोगाने दाखवलेली रीत, म्हणजे संबंधाआधी दोन गोळ्या आणि नंतर दोन दिवस एकेक, पुरुषांसाठी चालते. स्त्रियांसाठी तिची शिफारस होत नाही. टेनोफोविरचाच नवा अवतार असलेल्या टाफ या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये प्रेप म्हणून मान्यता मिळाली ती योनीसंबंधातून धोका असलेल्यांना वगळून, कारण तसा अभ्यासच झालेला नव्हता. एवढे मान्य करूनही आक्षेप पूर्ण उभा राहत नाही. पार्टनर्स प्रेपमध्ये स्त्रियांची ऊती काही वेगळी नव्हती, तरी तिथे गोळी चालली. आणि २०२४ मध्ये सहा हजारांहून अधिक स्त्रियांची आकडेवारी एकत्र तपासली तेव्हा आठवड्याला चार ते सहा गोळ्या सातत्याने घेणाऱ्यांतही लागण नगण्य निघाली. ऊतीमुळे चुकांना वाव कमी राहतो एवढेच. चुका का होतात याचे उत्तर ऊती देत नाही.

नैतिक आक्षेपही होताच, आणि तो सर्वांत मोठ्या आवाजात मांडला गेला. १६ जुलै २०१२ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही जोडगोळी प्रतिबंधासाठी मान्य केली. त्यानंतर दोन वर्षांनी एड्स हेल्थकेअर फाउंडेशनचे मायकेल वाइनस्टीन यांनी तिला मौजमजेचे औषध म्हणून हिणवले. लोक कंडोम टाकून देतील, इतर गुप्तरोग वाढतील, ही भीती होती. कंडोम स्वस्त, शिवाय तो इतर रोगही रोखतो, मग निरोगी माणसाने रोज औषध का घ्यावे, हा प्रश्न आपल्याकडेही आजवर विचारला जातो. इंग्लंडच्या ‘प्राउड’ प्रयोगात लगेच गोळी मिळालेल्या गटात लागण ८६ टक्क्यांनी कमी झाली आणि इतर लैंगिक आजारांच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. तरी भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. वर्षे लोटली तसा काही ठिकाणी कंडोमचा वापर घटलेला दिसतो. पण कंडोम प्रत्यक्षात कशाने चालला हे सांगलीने दाखवले आहे. तिथे १९९२ मध्ये ‘संग्राम’ने काम सुरू केले तेव्हा कंडोम वाटायला बाहेरून कोणी आणले नाही, वस्तीतल्याच बायका एकमेकींना शिकवू लागल्या. पुढे त्यांनीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. पोलिसांची झडती आणि गुंडांची दहशत थांबवणे हा त्यांच्या कामाचा भाग होता, कारण गिऱ्हाइकाला कंडोमशिवाय नकार देण्याची ताकद एकीशिवाय येत नाही. कंडोमही स्वस्त होता म्हणून चालला नाही.

हाच अनुभव गोळीच्या वेळी कामी आला. कोलकात्यात सोनागाछीच्या ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ने आणि म्हैसूरला ‘अशोदय समिती’ने मिळून सुमारे १,३०० देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना प्रेपची गोळी दिली. गोळी घ्यायची की नाही यावर आधी संघटनेत महिनोन्‌महिने चर्चा झाली, आणि गोळ्या पोहोचवणाऱ्या बहुतेक त्याच व्यवसायातल्या मैत्रिणी होत्या. बहुतेक जणी शेवटपर्यंत टिकल्या, रक्तातही औषध सापडले, आणि एकीलाही लागण झाली नाही. आफ्रिकेत जी गोळी फसली तीच ही. काहीजण म्हणतील की इथे बिनऔषधाचा तुलना-गट नव्हता, म्हणून संरक्षणाचा आकडा काढता येत नाही. बरोबर आहे. पण गोळी पोटात जाते की नाही एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायला तुलना-गट लागत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, २०२२ मध्ये प्रेपच्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यामागे हे काम होते.

किमतीच्या बाबतीत भारताची गोष्ट अभिमानाची आणि विचित्र अशी दोन्ही आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तिहेरी उपचारांची किंमत वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर असताना ३५० डॉलरांवर आणली. २००९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने टेनोफोविर डिसोप्रॉक्सिलवरचे अर्ज फेटाळले. त्या अर्जांविरुद्ध एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या भारतीय संघटनांनी हरकत घेतली होती. त्यामुळे जगभर गरीब देशांत वाटली गेलेली प्रेपची गोळी बहुतांशी भारतात बनते. तरीही जी गोळी इथून जहाजाने आफ्रिकेला गेली, ती इथल्या सरकारी दवाखान्यात पोहोचायला किती तरी वेळ लागला. देशात अंदाजे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. तेव्हा गोळी स्वस्त झाल्याने प्रश्न सुटतो हे म्हणणेही अपुरेच निघते.

गोळीच्या अपयशातून ज्या वाटा फुटल्या त्यांत रिंग आधी आली. सिलिकॉनची मऊ रिंग, तिच्यातून महिनाभर डॅपिविरिन पाझरत राहते, घरात कोणाला दिसत नाही. २०१६ च्या दोन प्रयोगांत तिने लागण २७ आणि ३१ टक्क्यांनी कमी केली. हा आकडा ऐकून पुष्कळांनी नाक मुरडले. युरोपच्या औषध संस्थेने २०२० मध्ये अनुकूल मत दिले, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली, आणि अमेरिकेतला अर्ज मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस मागे घ्यावा लागला. टक्केवारीने निवड करणाऱ्यांना रिंग टाकाऊ वाटली. पण आफ्रिकेतल्या १६ ते २१ वर्षांच्या मुलींना एका अभ्यासात गोळी आणि रिंग दोन्ही सहा-सहा महिने वापरायला देऊन मग निवड त्यांच्यावर सोडली, तेव्हा दोन-तृतीयांश मुलींनी रिंग घेतली. ज्या वयात गोळी सर्वांत जास्त फसली होती, त्याच वयाच्या मुलींनी तिच्याऐवजी कमी टक्केवारीची वस्तू उचलली, आणि त्यांना वेड लागले होते असे मानायला काही आधार नाही.

मग इंजेक्शने आली. दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राविरने रोजच्या गोळीच्या तुलनेत लागण पुरुषांत आणि ट्रान्स स्त्रियांत ६६ टक्क्यांनी, आफ्रिकेतल्या स्त्रियांत सुमारे ८९ टक्क्यांनी कमी केली. मग २०२४ मध्ये लेनाकापाविरचा ‘पर्पज-१’. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण स्त्रियांना हे इंजेक्शन सहा महिन्यांनी एकदा पोटाच्या कातडीखाली दिले, आणि २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. सगळ्यांचे डोळे या शून्यावर खिळले. माझ्या मते त्याच प्रयोगातले दुसरे दोन आकडे तितकेच बोलके आहेत. टाफची गोळी दिलेल्या २,१३६ जणींपैकी ३९ जणींना आणि जुनी गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना लागण झाली. आसपासच्या लोकांतल्या लागणीच्या वेगापेक्षा हे प्रमाण लक्षणीय कमी नव्हते. रक्त तपासले तर बहुतेकींच्या अंगात औषधाची पातळी अगदी कमी होती. फेम-प्रेपनंतर तेरा वर्षांनी, सर्व समुपदेशन करूनही, गोळीची तीच गत झाली.

यावरून चौथा आक्षेप निघतो, आणि तो सर्वांत आकर्षक आहे: आता निवडीचा प्रश्नच संपला, सगळ्यांना सहामाही सुई द्या. अमेरिकेत जून २०२५ मध्ये या इंजेक्शनला मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेने जुलैत शिफारस केली. पण सुईच्याही अटी आहेत. क्षयावरचे रिफॅम्पिसिन सुरू असेल तर कॅबोटेग्राविर देता येत नाही, आणि लेनाकापाविरची पातळी त्याने इतकी उतरते की जादा मात्रा द्यावी लागते. क्षय घरोघरी असलेल्या आपल्या देशात ही तळटीप नाही. इंजेक्शन बंद केल्यावर औषध महिनोन्‌महिने कमी मात्रेत अंगात रेंगाळते, आणि त्या काळात लागण झाली तर विषाणू औषधाला दाद न देण्याची शक्यता वाढते. ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला टेनोफोविरची गोळी त्या आजारावरही चालते, सुई चालत नाही; पण अशा माणसाने गोळी एकाएकी सोडली तर यकृताचा दाह उसळतो. मूत्रपिंड अधू असेल तर जुनी गोळी नको, तिथे सुई बरी. यांपैकी काहीही सुरू करण्याआधी लागण नाही याची तपासणी हवीच. म्हणजे ‘सर्वांत चांगले’ असे एकच औषध वैद्यकाच्या कसोटीवरही उरत नाही.

किंमत आणि हक्क हा भाग तर आहेच. अमेरिकेत लेनाकापाविरची वर्षाची किंमत अठ्ठावीस हजार डॉलरांच्या वर ठेवली गेली. गिलियड कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना स्वस्त आवृत्ती बनवायचा परवाना दिला, त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत तशीच पुण्याची एमक्युअरही आहे. २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरांत हे औषध १२० देशांना मिळेल असे जाहीर झाले आहे. या यादीत ब्राझील, मेक्सिको, पेरू आणि अर्जेंटिना नाहीत, जिथल्या लोकांनी याच औषधाच्या ‘पर्पज-२’ प्रयोगासाठी आपली शरीरे दिली होती. नोम पेन्हच्या बायकांनी मागितलेला विमा अजून कोणी दिलेला नाही असेच म्हणायचे.

आपल्याकडे खरेदीची वेळ येईल तेव्हा सरकारी यंत्रणेला एकच वस्तू निवडणे सोयीचे वाटेल: एक निविदा, एक साठा, एक प्रशिक्षण. त्यापेक्षा पर्याय जास्त ठेवले तर गोंधळ होतो, कर्मचारी भांबावतात, लोक सतत बदल करत राहतात, असे म्हटले जाते. या शंकेचे उत्तर ग्रामीण केनिया आणि युगांडात झालेल्या ‘सर्च’ अभ्यासात मिळते. तिथे ९८४ लोकांपैकी अर्ध्यांना नेहमीची सेवा दिली, उरलेल्यांना गोळी, संबंधानंतरच्या औषधांचा कोर्स किंवा कॅबोटेग्राविर यांतून हवे ते निवडायची आणि हवे तेव्हा बदलायची मुभा दिली. नेहमीच्या सेवेत लोक जेमतेम तेरा टक्के काळ कुठल्या ना कुठल्या औषधाच्या संरक्षणाखाली होते. निवडीच्या गटात सत्तर टक्के. पहिल्या गटात सात जणांना लागण झाली, दुसऱ्यात कोणालाही नाही. आणि त्या दुसऱ्या गटात सुई हाताशी असूनही निम्म्याहून जास्त लोकांनी कधी ना कधी गोळी घेतली होती.